सोडियम-गंधक बॅटरी : सच्छिद्र कार्बनचे गणित

सोडियम-गंधक बॅटरी ही वीज मोठ्या प्रमाणावर साठवण्यासाठी विकसित झालेली, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी होय. तिच्या ऋण इलेक्ट्रोडमध्ये सोडियम, तर धन इलेक्ट्रोडमध्ये गंधक असते. दोन्ही मूलद्रव्ये विपुल आहेत. सोडियम मिठातून मिळते, तर गंधक तेल व नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणातून उपउत्पादन म्हणून बाहेर पडते. लिथियम, कोबाल्ट वा निकेल यांवर ही बॅटरी अवलंबून नाही. मात्र तिचे प्रस्थापित रूप ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास चालते. सामान्य तापमानाला ती चालवायची, तर गंधकाला धरून ठेवणारा सच्छिद्र कार्बन निर्णायक ठरतो.

तप्त बॅटरीची मर्यादा

१९६० च्या दशकात अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीत जोसेफ कुमर व नील वेबर यांनी या बॅटरीचा पाया घातला. पुढे जपानच्या एनजीके इन्सुलेटर्सने ती बाजारात आणली. अबुधाबीत २०१९ मध्ये १० ठिकाणी मिळून १०८ मेगावॅट क्षमतेचा असा साठा उभा राहिला. त्यात ६४८ मेगावॅट-तास ऊर्जा मावते.

या बॅटरीत सोडियम व गंधक दोन्ही वितळलेले असतात आणि त्यांच्यामध्ये बीटा-ॲल्युमिना या सिरॅमिकची भिंत असते. गंधक विजेचे दुर्वाहक असल्याने येथेही इलेक्ट्रॉन वाहून नेण्यासाठी कार्बन तंतूंचे नमद्यासारखे अस्तर लागतेच. तापमान राखण्याचा खर्च आणि आगीचा धोका या तिच्या उणिवा होत. सप्टेंबर २०११ मध्ये जपानमध्ये लागलेली अशी आग विझवण्यास सुमारे दोन आठवडे लागले. शिवाय गंधकाची सैद्धांतिक क्षमता दर ग्रॅमला सुमारे १,६७५ मिलीॲम्पिअर-तास असली, तरी तप्त बॅटरीत तिचा जेमतेम एक तृतीयांश भाग वापरता येतो.

छिद्रांचे काम

सामान्य तापमानाला अभिक्रिया सोडियम सल्फाइडपर्यंत पूर्ण होऊ शकते. पण तीन अडचणी उभ्या राहतात. घन गंधक वीज वाहू देत नाही. सल्फाइड होताना त्याचे आकारमान सुमारे २.७ पट होते. मधल्या टप्प्यातील पॉलिसल्फाइडे इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळून सोडियमकडे सरकतात आणि बॅटरीची क्षमता प्रत्येक फेऱ्यागणिक घटते.

सच्छिद्र कार्बन वीज वाहतो, फुगण्यास जागा देतो आणि पॉलिसल्फाइडांना अडवतो. २ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांना सूक्ष्मछिद्रे, २ ते ५० नॅनोमीटरच्या छिद्रांना मध्यमछिद्रे व त्याहून मोठ्यांना स्थूलछिद्रे म्हणतात. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातील लिंडा नझर यांच्या गटाने २००९ मध्ये लिथियम-गंधक बॅटरीसाठी मध्यमछिद्री कार्बन वापरून या मार्गाला चालना दिली. त्यानंतर बीजिंगमधील संशोधकांनी अर्ध्या नॅनोमीटरच्या छिद्रांत गंधक कोंडले आणि २०१४ मध्ये ही युक्ती सोडियमसाठीही वापरली. इतक्या अरुंद जागेत आठ अणूंचे गंधकवलय मावत नाही. २ ते ४ अणूंच्या साखळ्याच राहतात. परिणामी विद्राव्य लांब पॉलिसल्फाइडे तयार होण्यास वावच उरत नाही.

किंमत कोठे मोजावी लागते

ज्या छिद्रात गंधक घट्ट धरले जाते, त्यात ते थोडेच मावते. कार्बनच्या एका ग्रॅममध्ये १ घन सेंटीमीटर छिद्रजागा धरली, तर ती काठोकाठ भरण्यास २ ग्रॅम गंधक लागेल. परंतु फुगण्यासाठी जागा राखली, तर जेमतेम पाऊण ग्रॅम भरता येते. म्हणजे मिश्रणाचा निम्म्याहून अधिक भार कार्बनचाच होतो. छिद्रे मोठी केल्यास गंधक वाढते, पण निसटतेही. म्हणूनच कार्बनमध्ये नायट्रोजन मिसळून किंवा कोबाल्टसारख्या धातूचे विरळ अणू बसवून पॉलिसल्फाइडांना रासायनिक पकड देण्याचे प्रयत्न चालतात. अशा वेळी कोबाल्टची अत्यल्प मात्रा पुन्हा आत येते.

कच्चा माल मात्र दुर्मीळ नाही. जलशुद्धीकरण यंत्रांत वापरला जाणारा, नारळाच्या करवंटीपासून बनवलेला सक्रिय कार्बनही मुख्यतः सूक्ष्मछिद्रीच असतो. खरी कसोटी छिद्रांचा आकार मोठ्या उत्पादनात एकसारखा राखण्याची आहे.

त्यामुळे नव्या बॅटरीच्या दाव्यात दर ग्रॅम गंधकामागील क्षमता पाहणे पुरेसे नाही. इलेक्ट्रोडमध्ये गंधकाचे प्रमाण किती, दर चौरस सेंटीमीटरला ते किती आणि इलेक्ट्रोलाइट किती लागले, या तीन आकड्यांवरच बॅटरीची खरी योग्यता ठरते.