घाटाखालचा दवाखाना

माझ्या आजीचं माहेर वाड्याचं आणि सासर जव्हारचं. त्यामुळे तिच्या गोष्टींत दोन मुलखांची औषधं असायची. जव्हारच्या गोष्टींत भगत, सुपातले तांदूळ, सुईण आणि रानातल्या मुळ्या. वाड्याच्या गोष्टींत मिशनचा बंगला, साहेब, मडम आणि बाटलीतलं कडूजहर क्विनीन. या दुसऱ्या गोष्टी तिनं तिच्या आईकडून ऐकलेल्या. सांगताना मात्र ती स्वतः तिथं उभी असल्यासारखी सांगायची.

बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी डकवलेली असे. एका वेळी एका खाचेइतकं औषध घ्यायचं. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते कळे. नारू झालेले लोक यायचे. तळ्याविहिरीत उतरून भरलेल्या पाण्यातून तो जंत अंगात जायचा आणि वर्षभरानं पायाला फोड येऊन बाहेर डोकवायचा. घरी त्याला काडीवर गुंडाळत रोज बोटभर ओढायचं. तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. आजीची आई सांगे, मडम जमिनीवर बसून तो पाय मांडीवर घ्यायची. कातकऱ्याचा पाय कुणी मांडीवर घेतो, ही गोष्ट औषधापेक्षा लांबवर पोचली.

ही माणसं आली कुठून? पुढं ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या, शेतकरी वळणाच्या पंथाची ती माणसं. विल्बर आणि मेरी स्टोव्हर हे जोडपं आणि बर्था रायन १८९४ साली हिंदुस्थानात आले आणि त्यांनी बलसाडला ठाणं केलं. १९०० साली आलेले ॲडम आणि ॲलिस एबी पुढं डहाणूत राहिले. पुढं जे. आय. केलर आणि इना केलर वाड्याला आले. १९१३ साली आलेले कॉट्रेल पतिपत्नी दोघेही डॉक्टर. त्यांनी बलसाडचा दवाखाना सांभाळला. १९१५ साली डॉ. बार्बरा निकी आल्या. डहाणू रोडचं मिशन हॉस्पिटल हेच त्यांचं कामाचं ठिकाण झालं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या या जंगलपट्टीत बायकांना तपासायला बाई डॉक्टर असणं, हीच केवढी मोठी गोष्ट होती.

ते धर्म सांगायला आले होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. पण नुसता धर्म सांगायला आलेला माणूस सभा घेऊन पुढच्या गावाला जातो. ही कुटुंबं राहिली. आधी मराठी शिकायची, तिची परीक्षा द्यायची. पाणी उकळून प्यायचं, मच्छरदाणीत निजायचं, तरी हिवताप चुकायचा नाही. पावसाळा सरून वाटा सुकल्या की बैलगाडीत तंबू, भांडी, औषधांच्या पेट्या घालून पाड्यापाड्यांचा दौरा. मुलं जरा मोठी झाली की पार मसुरीला, वुडस्टॉक शाळेत. मग वर्षातले कितीतरी महिने आईबापांना त्यांचं दर्शन पत्रातूनच. आपल्या लेकराला दूर ठेवून दुसऱ्याच्या लेकराच्या उशाशी बसायचं, हे त्या घरांतल्या बायकांनी कसं सोसलं असेल, याचा विचार आजी फार करायची. जव्हारमधली बाई ती. दिवाळी झाली की मुलंबाळं घेऊन भिवंडीकडं वीटभट्टीवर निघालेली बिऱ्हाडं तिनं जन्मभर पाहिली. ताटातूट म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

त्यांच्याही आधी एकजण या बाजूला येऊन गेला होता. गॉर्डन हॉल, १८१३ साली मुंबईत उतरलेला अमेरिकन मिशनरी. निघण्यापूर्वी त्यानं थोडं वैद्यकही शिकून घेतलं होतं. १८२६च्या मार्चमध्ये तो नाशिक-त्र्यंबक भागात गेला, तेव्हा तिकडं पटकीची साथ होती. जवळची बहुतेक औषधं त्यानं आजाऱ्यांना वाटून टाकली. मुंबईला परतताना वाटेत त्यालाच पटकीनं गाठलं. एका देवळाच्या ओसरीवर, २० मार्चला, तो गेला. बायको आणि दोन मुलगे आदल्याच वर्षी अमेरिकेला रवाना झाले होते.

तरीही हे सगळं वैद्यक घाटाखाली, रेल्वेच्या आणि गाडीवाटेच्या आधारानं राहिलं. वर जव्हार मुकणे राजांचं संस्थान. शेजारचा मोखाडा इंग्रजी मुलखात, पण शहापूर तालुक्याच्या एका कोपऱ्यात. आजोबा सांगायचे, अडलेली बाई बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चौघं निघायचे, खांदे बदलत. वाटेत मूल झालं तर देव पावला म्हणायचं आणि बाई गेली तर तिथूनच माघारी फिरायचं. पुढं जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय झालं, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय झालं, नारू देशातूनच हद्दपार झाला. हे मोठं काम आपल्या सरकारी यंत्रणेनं केलं, डोक्यावर लशीच्या पेट्या घेऊन ओढे ओलांडणाऱ्या माणसांनी केलं. पण १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणानं गेली, तेव्हा कळलं की इमारत उभी राहिली म्हणजे आरोग्य पोचलं असं होत नाही. मोखाड्याच्या काही पाड्यांवरून आजही पावसाळ्यात बाळंतपणाची बाई झोळीतूनच निघते. ज्या तालुक्यात वैतरणेचं धरण मुंबईसाठी पाणी अडवतं, त्याच तालुक्यात उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात.

म्हणून जुन्या माणसांच्या या गोष्टी मला जपाव्याशा वाटतात. त्यांतला धर्म बाजूला ठेवला तरी एक आग्रह उरतो: औषध देणाऱ्यानं आजाऱ्याच्या शेजारी बिऱ्हाड करावं. त्याची भाषा शिकावी, नागलीची भाकरी खावी, त्याच्या घरात काय शिजतं आणि पाणी कुठून येतं ते पाहावं. आज त्यासाठी परदेशातून कुणी यायची गरज नाही. मोखाड्याची, जव्हारची वारली, कोकणा, महादेव कोळी घरांतली मुलं-मुली डॉक्टर, नर्स, आशाताई होत आहेत. त्यांना राहण्याजोगं घर, मुलांना गावातच चांगली शाळा आणि पाड्यापर्यंत बारमाही रस्ता एवढं आपण दिलं पाहिजे. मडमला जे सोसावं लागलं ते त्यांच्या वाट्याला येऊ नये, आणि तिनं जे केलं ते मात्र त्यांच्या हातून रोज घडावं.