अंगठा उठवण्याआधी कागद कुणी वाचला?

गटांच्या बैठकीत हल्ली आम्हाला एक प्रश्न फार विचारला जातो. कुणाला तालुक्याच्या गावी दोन खोल्या घ्यायच्या असतात, कुणी रस्त्याकडेची गुंठाभर जागा बघून ठेवलेली असते. आणि मग प्रश्न येतो, "वकील लावायलाच पाहिजे का? स्टॅम्पवाल्याकडून कागद करून घेतला तर नाही का भागणार?" याचं उत्तर एका वाक्यात देता येईल, पण आज आम्ही थोडं मागे जाणार आहोत. कागद कुणी लिहायचा, कुणी वाचून दाखवायचा आणि त्यावर नाव कुणाचं लावायचं, यावरून आपल्या मुलखात दीडशे वर्षं भांडण चाललंय. ते कळलं की वकिलाची फी जड वाटत नाही.

सुरुवात एका घरापासूनच करू. शिरूर तालुक्यातलं करडे गाव, साल १८७४. तिथल्या देशमुखांवर एका सावकाराने कोर्टातून हुकूमनामा आणला. घर सावकाराच्या हाती गेलं आणि त्याने ते पाडायला काढलं. सगळं कायद्याने झालं, कागदावर सही-शिक्का होता. पण गावाला ते सहन झालं नाही. न्हावी, पाणक्या, गडीमाणूस, सगळ्यांनी सावकाराकडची कामं बंद केली. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात भडका उडाला. पुस्तकांत याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. दंगेकऱ्यांना धान्या-पैशापेक्षा दुसरंच काही हवं होतं. त्यांना कर्जरोखे हवे होते. सावकाराने रोखे मुकाट्याने दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. कागद जाळला की काम झालं.

कागदाचा एवढा राग का? कारण त्यात काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला माहीतच नसायचं. घेतले पन्नास, लिहिले शंभर. तोंडी बोली गहाणाची, कागद खरेदीचा. कोर्ट मात्र कागदच बघायचं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर हे चार जिल्हे त्यात होते. त्यातली एक सोय आम्हाला फार मोलाची वाटते. शेतकऱ्याने करायचा दस्त गावासाठी नेमलेल्या रजिस्ट्रारसमोर लिहायचा, त्याने तो वाचून दाखवायचा, समजावायचा आणि मगच सही-अंगठा घ्यायचा. तसं झालं नसेल तर तो कागद कोर्टात चालायचा नाही. म्हणजे तिऱ्हाईत माणसाने कागद समजावून सांगणं ही चैन नव्हे, गरज आहे, हे तेव्हाच सरकारला कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात बाई कुठे आहे? तेव्हाच्या कागदांत ती फारशी नव्हतीच. पण ज्या बायकांच्या नावावर थोडीफार मालमत्ता होती, त्यांची कथा ऐका.

कॉर्नेलिया सोराबजी हे नाव तुम्ही ऐकलंय का? त्यांचा जन्म १८६६ चा, आपल्या नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मग त्या इंग्लंडला ऑक्सफर्डमध्ये गेल्या आणि १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली. तोवर तिथे कुणा बाईने ती दिली नव्हती. परत आल्या, पण इथे बाईला कोर्टात वकील म्हणून उभं राहता येत नव्हतं. त्यांनी दुसरी वाट काढली. बंगाल-बिहारकडे मोठ्या घरांतल्या पडदानशीन विधवा होत्या. नावावर जमीन-वाडे, पण परक्या पुरुषाशी बोलायची बंदी. मग कारभारी नाहीतर दीर कागद घेऊन पडद्याआड यायचा, "वहिनी, इथे सही करा" म्हणायचा, आणि मालमत्ता गेलेली असायची. वकील पुरुष, त्यामुळे तो आत जाणार नाही. सोराबजींनी सरकारच्या मागे लागून १९०४ पासून या बायकांच्या कायदा सल्लागार म्हणून काम केलं. पालखीतून, बोटीतून, हत्तीवरूनसुद्धा त्या गावोगाव गेल्या. बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा १९२३ मध्ये आला, तोवर त्यांची पन्नाशी उलटली होती. त्या इंग्रजांच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीवर टीका करायच्या, ते आम्हाला पटत नाही. पण पडद्याआड बसून बाईला तिचा कागद समजावून सांगणं, हे काम त्यांच्याआधी कुणी धंदा म्हणून केलं नव्हतं.

त्याच काळात वरची कोर्टंही एक नियम घट्ट करत होती. पडदानशीन किंवा निरक्षर बाईने दस्त करून दिला, तर तो तिला नीट समजावून सांगितला होता हे दस्ताचा फायदा घेणाऱ्याने सिद्ध करायचं. तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता का, हेही कोर्ट बघायचं. 'स्वतंत्र' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर सल्ल्याची गोष्ट अशी. नावाची गोष्ट त्याहून रखडली. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला, पण तो हयातीपुरता. घर वापरायचं, विकायचं मात्र नाही. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचं रान केलं, ते होईना म्हणून इतरही कारणांसह १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढे १९५६ चा वारसा कायदा आला. मुलीला बापाच्या स्वतःच्या मालमत्तेत वाटा मिळाला, विधवा पूर्ण मालकीण झाली. पण त्यातलं कलम २३ बघा. बाप मेल्यावर राहत्या घरात मुलीचा वाटा आहे खरा, पण भाऊ वाटण्या करायचं ठरवत नाहीत तोवर तिने वाटप मागायचं नाही. लग्न न झालेली, टाकलेली किंवा विधवा असेल तर फक्त राहायला यावं. शेत मागता येईल, घर मागता येणार नाही. हे कलम ९ सप्टेंबर २००५ ला गेलं. जवळजवळ पन्नास वर्षं लागली. (मुसलमान बहिणींना त्यांच्या कायद्यात वाटा आधीपासून आहे, ख्रिस्ती बहिणींचा कायदा वेगळा आहे. वाटा कागदावर उतरवायची अडचण मात्र सगळ्यांची सारखी.)

महाराष्ट्र यात थोडा पुढे होता. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, हजारो बायका जमल्या. त्यातून पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. नवऱ्याने आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर गाव त्यात नावाजलं. १९९४ मध्ये राज्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, देशाच्या अकरा वर्षं आधी. आणि २००३ मध्ये ग्रामविकास खात्याने ठरवलं की गावातलं घर ग्रामपंचायतीच्या नोंदीत नवरा-बायको दोघांच्या नावे लावायचं. 'घर दोघांचे' म्हणून भिंतींवर पाट्या रंगवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. तुमचं नाव लागलंय का? नुसतं घरपट्टीच्या पावतीवर नको, उतारा काढून बघा.

पण इथेच एक गोम आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद. घरपट्टी कुणी भरायची ते तो सांगतो, मालक कोण हे ठामपणे सांगत नाही. शेताला सातबारा असतो, शहरातल्या जागेला मिळकत पत्रिका. जुन्या गावठाणातल्या बहुतेक घरांना यातलं काहीच नव्हतं. म्हणून तर बँक गावठाणातल्या घरावर कर्ज द्यायला कचरते.

आता मुद्द्याचं बोलू, खरेदीचं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लिहिलंय की शंभर रुपये किंवा जास्त किमतीची जागा विकायची तर नोंदणीकृत दस्तानेच. तेव्हा शंभर रुपयांत बरंच काही यायचं. आकडा आजही शंभरच आहे, म्हणजे व्यवहारात प्रत्येक घर त्यात आलं. आणि आमच्या बायका फसतात त्याही शंभराच्याच कागदावर, आता तो पाचशेचा झाला एवढंच! स्टॅम्पवर मजकूर टाईप केला, नोटरीचा लाल शिक्का मारला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, घर झालं असं वाटतं. नाही झालं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. साठेखत म्हणजे पुढे खरेदी करू असा करार, ते खरेदीखत नव्हे. कुलमुखत्यारपत्रावर घर विकत घेतलं तर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वच्छ सांगितलंय.

दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवलं तरी एक गोष्ट उरतेच. निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरा मालक आहे की नाही, याची हमी तो देत नाही. बहिणींचे वाटे सोडवलेत का, आधी गहाण आहे का, कोर्टात दावा आहे का, हे शोधायचं काम घेणाऱ्याचं. ते काम वकील करतो, त्याला सर्च रिपोर्ट म्हणतात. वकील तीस वर्षांचा शोध का घेतो, हेही ऐकून ठेवा. गहाण टाकलेली जागा सोडवून मागायची कायद्यातली मुदत तीस वर्षं आहे. १९६३ पर्यंत ती साठ वर्षं होती. म्हणजे तीस वर्षांपूर्वीचं गहाण आजही जागं होऊ शकतं. आणि मूळ कागद हरवलेत असं कुणी म्हणालं, तर ते एखाद्या बँकेत गहाण पडलेले नाहीत ना, हे आधी विचारायचं.

कुणी म्हणेल, कर्ज काढतोय, बँकेचा वकील बघतोच की. बघतो, पण तो बँकेचं हित बघतो. उद्या हप्ते थकले तर बँकेला घर विकता येईल का, हा त्याचा प्रश्न. आपलं नाव कसं लागेल, नवरा गेल्यावर दीर दारात उभा राहील का, हा आपला प्रश्न. मघाचा 'स्वतंत्र सल्ला' तो हाच. एजंटाने आणलेला वकीलही आपला नव्हे.

गुंठाभर जागेचं थोडक्यात. शेतजमिनीचे बारीक तुकडे विकायला १९४७ पासून कायद्याने बंदी आहे. त्यात वेळोवेळी सवलती निघतात, नियम बदलतात. म्हणून बिनशेती झालेली जागा आहे का, आपल्या तुकड्याला स्वतंत्र उतारा मिळेल का, हे पैसे द्यायच्या आधी विचारायचं. आणि तालुक्याला नव्या इमारतीत घर घेत असाल तर प्रकल्पाची महारेरात नोंदणी आहे का बघा. असेल तर करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त पैसे मागायची बिल्डरला मुभा नाही.

पैशांचा हिशेब तर गटातल्या बायकांना आम्ही काय शिकवायचा! तरी एक मांडतो. पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज. वीस वर्षांनी फेडलं तर हप्ता साधारण ४,५००, आणि एकूण भरणा १० लाख ८० हजारांच्या घरात. तेच पंधरा वर्षांत फेडलं तर हप्ता ५,०७० च्या आसपास आणि भरणा ९ लाख १३ हजार. महिन्याला पावणेसहाशे रुपये जास्त भरले तर दीड लाखाच्या वर वाचतात. आणि कुणी 'फ्लॅट' बारा टक्के म्हणालं तर हुरळू नका. मुद्दल फिटत जातं तरी व्याज पहिल्या पूर्ण रकमेवरच लागतं. पाच वर्षांच्या कर्जाला ते खरं वीस टक्क्यांच्या आसपास पडतं. हप्त्यांचं पूर्ण कोष्टक छापून मागा, बँकेतल्या साहेबांना त्यात काही वावगं वाटायला नको.

घरासाठी आपल्या पाटल्या, बोरमाळ मोडली जाते आणि खरेदीखतावर आपलं नाव नसतं, हे आम्ही किती घरांत बघतो. बाईच्या नावावर घर घ्यायला एक कारण सरकारनेही दिलंय. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त बायकांच्या नावे राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. वीस लाखांच्या घराला वीस हजार वाचतात. आधी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट २०२३ मध्ये काढली. नवऱ्यासोबत जोडनाव असेल तर ही सूट मिळत नाही, म्हणून घरात आधी बोलून घ्या.

वकिलाच्या फीचं काय? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा. पूर्ण सर्च रिपोर्टला खासगी वकील करावा लागला, तरी कागद आधी तिथे वाचून घेता येतो.

आणि ज्यांना नवं घर घ्यायचं नाही, आहे तेच गावठाणातलं घर पक्कं करायचंय, त्यांच्यासाठी एवढंच. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजायचा पहिला प्रयोग झाला. २०२० पासून 'स्वामित्व' योजनेत देशभर तीच मोजणी चालू आहे आणि घरांना मिळकत पत्रिका मिळतायत. भूमी अभिलेखचे लोक गावात येतात, चुन्याने हद्दी आखल्या जातात, मग चौकशीत प्रत्येक घराचा धारक कोण ते लिहिलं जातं. त्या दिवशी घरातला पुरुष सांगेल ते नाव लागतं. तुमच्या गावची चौकशी कधी आहे ते ग्रामसेवकाला विचारा, नमुना ८ चा उतारा आणि आधार घेऊन स्वतः हजर राहा, आणि अधिकाऱ्याने लिहिलेलं तुमच्यासमोर वाचून दाखवायला सांगा.