तोळ्याचा हात

आमचे चुलत आजोबा, आबा, यांची दृष्टी लहानपणीच देवीने गेली. किन्हीराजातल्या आमच्या दुकानात गूळ तेच द्यायचे. ढेपेचा खडा तळहातावर घेत, मनगटातून दोनदा हलकेच उडवत आणि सांगत, ‘पावशेर नाई भरत, घाल अजून.’ तागडीही बहुधा तेच म्हणायची. डोळे नेले तर देवानं हातात दिलं, असं गावचं मत. मला ते पटत नाही. तो हात गल्ल्यावर तयार झाला होता. 1835 पासून चांदीचा रुपया वजनाला एक तोळा. असे 80 रुपये म्हणजे शेर. आयुष्यभर नाणी मोजणाऱ्याच्या हातून वजनच फिरत होतं. आणि उडवण्याचं म्हणाल, तर नुसतं तळहातावर ठेवण्यापेक्षा उचलून पाहिल्यावर फरक बारीक कळतो, हे वेबर या जर्मन संशोधकाने 1834 मध्येच दाखवलं होतं.

ज्वारीचा प्रकार निराळा. ती पायली-कुडवाने मापायची. तिथे आबा फक्त शिगेवरून तळवा फिरवत.

खरी फसगत कापसात. सारख्या वजनाच्या दोन वस्तूंत मोठी हलकी वाटते, हे शार्पांतिए या फ्रेंच माणसाने 1891 मध्ये नोंदवलं. डोळे बांधले तरी हाताला आकार कळला की हा भ्रम होतोच, असं 1993 च्या प्रयोगांत दिसलं. कापूस जायचा कारंज्याला, जिथे 1886 मध्ये देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. तिथे तोलावरून भांडणं परवडत नसत. आबा गाठोडं कधी कवेत घेत नसत, गाठीला धरूनच उचलत. 2015 मध्ये संशोधकांनी अंध व्यक्तींना दोरीने खोकी उचलायला दिली, तेव्हा भ्रम झाला तो जिभेच्या टकटकीच्या प्रतिध्वनीवरून आकार ओळखणाऱ्यांना. ज्यांना ती कला येत नव्हती, ते फसले नाहीत. आमच्याकडे हे गाठीपुरतं आधीच ठाऊक होतं म्हणायचं!

मग 1956 चा कायदा आला आणि 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो. पावशेर 233 ग्रॅमचा, पाव किलो 250 चा. डोळस गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच; आबांना मात्र ते 17 ग्रॅम खुपायचे. दुपारी दुकान थंड असलं की नवी लोखंडी वजनं मांडीवर घेऊन एकेक जोखत बसायचे. पाव किलो हातात बसायला अख्खा उन्हाळा गेला. शंभर ग्रॅमला मात्र ते शेवटपर्यंत ‘साडेआठ तोळे अन् वर थोडं’ असंच म्हणत राहिले.