गोदा, गोदू, गोदावरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सुरगाणा तालुका नाशिक जिल्ह्यात आहे, पण त्याचे पाणी नाशिककडे येत नाही. सह्याद्रीची मुख्य धार ओलांडून पलीकडे उतरलेला हा मुलूख. नार आणि पार या इथल्या नद्या पश्चिमेला गुजरातेत जातात आणि अरबी समुद्राला मिळतात. केमच्या डोंगरातून निघणारी गिरणा पूर्वेकडे वळते खरी, पण तीही शेवटी तापीच्या घरी जाते. म्हणजे गोदावरी इथून फार लांब नाही, पण इथल्या पावसाचा थेंब तिला क्वचितच मिळत असेल.

तरीही सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर म्हाताऱ्या बाईला नाव विचारले आणि ती 'गोदाबाई' म्हणाली, तर त्यात कुणालाच नवल वाटणार नाही. 'नार' किंवा 'पार' असे उत्तर मात्र येणार नाही. दाराशी वाहणाऱ्या, जिच्यावर गुरे पाण्याला जातात त्या नदीचे नाव मुलीला दिले जात नाही. नाव दिले जाते ते पुराणातल्या नदीचे, जिथे स्नानाला जायचे त्या तीर्थाचे.

याचा पुरावा प्रत्येक जुन्या घरात सापडतो. स्नान करताना सात नद्यांना तांब्यात बोलावण्याचा एक श्लोक आपल्या आजोबा-पणजोबांना पाठ असे. त्यातल्या नद्या पाहा : गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. सातच्या सात नावे मराठी बायकांची आहेत. एखाद्या मोठ्या वाड्यातल्या जावा-नणंदांची हजेरी घ्यावी तसा तो श्लोक वाटतो. त्याबाहेरच्या कृष्णा, तापी, भीमा, भागीरथी, चंद्रभागा यांनाही महाराष्ट्राने पाळण्यात घातलेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आई भीमाबाई आणि लोकमान्य टिळकांच्या पत्नी माहेरच्या तापी. नदीचे नाव ही कुठल्या एका जातीची मिरास नव्हती. लेकीला हाक मारता मारता तीर्थाचे नाव तोंडी येते, तेवढेच पुण्य, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

आता गंमत पाहा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे, डोंगराचे, पक्ष्याचे, सापाचे नाव असलेली मुलगी टाळावी, असे तीत सांगितले आहे. महाराष्ट्राने हे काही मनावर घेतलेले दिसत नाही. घेतले असते तर रोहिणी, तुळसा, गंगा आणि मैना या साऱ्यांची लग्ने अडली असती. शास्त्र एकीकडे आणि आत्याबाई दुसरीकडे असा प्रसंग आला की बारशात आत्याबाईच जिंकतात!

गोदावरी हे नाव पडले कसे, याची कथा त्र्यंबकेश्वरला कुणीही सांगेल. गौतम ऋषींच्या शेतात गाय शिरली, ऋषींनी दर्भाच्या काडीने तिला हाकलले आणि ती मेली. त्या पापाच्या क्षालनासाठी गौतमांनी तप केले, शंकराच्या जटेतून गंगा ब्रह्मगिरीवर उतरली आणि गाय जिवंत झाली. म्हणून ती गोदा आणि गौतमांनी आणली म्हणून गौतमी. ब्रह्मपुराणात या नदीचे माहात्म्य 'गौतमी' या नावानेच सांगितले आहे. हे दुसरे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माहाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'त मात्र हीच नदी 'गोला' होऊन येते. तिथे तिला पुराण नाही, पापक्षालन नाही. तिच्या काठच्या झाडीत माणसे एकमेकांना भेटतात, इतकेच. मला ती गोला फार आवडते.

खुद्द नाशिककर तिला गोदावरी म्हणत नाहीत, 'गंगा' म्हणतात. घाट तो गंगाघाट, धरण ते गंगापूर धरण. त्यामुळे जुन्या नाशकातल्या गंगूबाई हरिद्वारच्या की रामकुंडाच्या, हे कोडेच आहे.

सुरगाण्यात या नावाची वाट निराळी असणार. तालुक्यात नव्वद टक्क्यांहून अधिक वस्ती आदिवासींची. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांत मुलांची नावे जन्माच्या वारावरून ठेवण्याची जुनी रीत आहे. सोमवारची सोमी, मंगळवारची मंगळी, बुधवारची बुधी. नाव हेच जन्माचे टिपण. पंचांग नको आणि भटजीही नको. या सोमी-बुधींच्या शेजारी गोदा, काशी, यमुना येऊन बसल्या, त्या यात्रेच्या वाटेने. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला दिंड्या जातात, कुशावर्तावर स्नान होते, अस्थी रामकुंडात विसर्जित होतात. तिथे ऐकलेले नाव घाट ओलांडून घरी येते. शाळेच्या दाखल्यानेही ते पक्के केले असावे. 'बुधी' हे नाव मास्तरांच्या कानाला अपुरे वाटत असे, 'गोदावरी' मात्र पूर्ण वाटे. सुरगाणा १९४८ पर्यंत देशमुखांचे छोटे संस्थान होते. कागदावर पूर्ण नाव लिहिण्याचे प्रसंग तिथल्या सामान्य बाईच्या आयुष्यात त्यानंतरच वाढले.

नाव पूर्ण लिहिले तरी पूर्ण उच्चारले जात नसे, ही वेगळीच गोष्ट. आईची गोदी, मैत्रिणींची गोदे, शेजारणीची गोदाबाई, भाच्यांची गोदामावशी, मान मिळाला तर गोदूताई किंवा गोदाक्का आणि अखेरीस गोदाआजी. 'गोदावरी' उरते ती सातबाऱ्यावर आणि रेशनकार्डावर. ज्योतिषाच्या बाजूनेही नावाची सोय होती. शततारका नक्षत्राच्या पहिल्या चरणाला 'गो' हे अक्षर येते आणि शततारका कुंभ राशीत. पाण्याच्या घड्याच्या राशीला नदीचे नाव, यापेक्षा चांगला मेळ कुठला?

पण या नावाला एक शाप होता. पांढरपेशा घरांत लग्नाच्या वेळी नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचे नवे नाव लिही आणि माहेरचे नाव त्या दिवशी संपे. नदीची नावे अशी किती बुडाली, ते चरित्रांतून कळते. पहिल्या मराठी स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुनाच. टिळकांच्या घरातल्या तापीची सत्यभामा झाली. जग त्यांना सासरच्या नावाने ओळखते.

गोदावरीचे उदाहरण याहून बोलके आहे. देवरुखच्या जोशांची गोदूबाई लहानपणीच विधवा झाली. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा तिथली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे सदन पुण्यात आले. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या काळच्या पुण्यात खळबळ उडाली. कर्व्यांवर त्यांच्या गावाने बहिष्कार घातला. एवढे सगळे मोडले, पण नाव बदलण्याची रीत मोडली नाही. गोदूबाईंची आनंदीबाई झाली, लोकांच्या तोंडी बाया कर्वे. त्यांनी आयुष्याची हकीकत 'माझे पुराण' या नावाने सांगितली, ती १९४४ साली पुस्तकरूपाने आली आणि तिचे संपादन केले त्यांच्या सुनेने, कावेरीने. एका नदीची कहाणी दुसरीने लिहून काढली, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोदावरीही पुण्याचीच. १९०७ साली गोखले वकिलांच्या घरी जन्मलेली. कायद्याची पदवी घेणाऱ्या सुरुवातीच्या मराठी स्त्रियांपैकी एक आणि भारत सेवक समाजाची पहिली महिला आजीव सदस्य. १९३९ साली शामराव परुळेकरांशी लग्न झाले. आडनाव बदलले, नाव नाही. गोदावरी गोखलेची गोदावरी परुळेकर झाली. सेहेचाळीस वर्षांत एवढा फरक पडला होता. नंतर १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातल्या वारल्यांमध्ये त्या गेल्या. सावकार-जमीनदारांची वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारे 'लग्नगडी' यांविरुद्ध तो लढा झाला. त्याची हकीकत त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली आले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

सुरगाणा त्या मुलखाचा शेजारी. वारली समाज दोन्हीकडे आहे आणि लाल बावटाही इकडे आला. १९७८ पासून सुरगाणा मतदारसंघाने त्या पक्षाचा आमदार अनेकदा निवडून दिला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा पायी मोर्चा निघाला, त्यात सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती. भेगाळलेल्या, रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे तेव्हा देशभर छापून आली, त्यांत बायकांचे पाय होते. वनजमिनीबरोबर नदीजोड प्रकल्पाचीही मागणी त्यात होती : आमची गावे बुडवू नका आणि पाणी बाहेर नेऊ नका. म्हणजे नार-पारचा प्रश्न घेऊन ही मंडळी गोदाकाठाहून निघाली होती. परुळेकरबाईंमुळे सुरगाण्यात मुलींची नावे गोदावरी पडली, असे मी म्हणणार नाही. नाव आधीचेच आहे. पण ज्या नावाला तोवर फक्त पुण्य चिकटले होते, त्याला या बाईंनी वजन दिले. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती त्यांच्या हवाली झाली, तीही गोदूताईंच्याच नावाने. पाळण्यात क्वचित ऐकू येणारे ते नाव आता हजारो पाकिटांवर पत्ता म्हणून लिहिले जाते.

नाव मागे का पडले? काही कारणे उघड आहेत. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९०च्या सुमारास आली, तेव्हा नायिका यमू होती. वि. स. खांडेकरांची 'उल्का' आली १९३४ साली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत नायिका नदीतून आकाशात गेली. तिच्या मागोमाग शालिनी, मालती, कुसुम, नलिनी घरोघर आल्या. मग सिनेमा आला. गंगू, यमुना, सखू यांच्या वाट्याला नाटक-सिनेमात पदर खोचून भांडी घासणाऱ्या मोलकरणीची भूमिका आली आणि कुठल्या आईला आपल्या मुलीकडे लोकांनी तसे पाहावे असे वाटेल? शहरातल्या पांढरपेशांनी ही नावे आधी टाकली, मग गावांनी आणि सर्वांत शेवटी डोंगरांनी. जुन्या चालीची साडी जशी शहरातून निघते आणि खेड्यात उरते, तसेच हे. म्हणून आज गोदाबाई भेटायची तर पाड्यावर भेटण्याचा संभव अधिक.

यात मला एक गोष्ट खटकते. बायकांनी लग्नानंतर आपले पहिले नाव कायम ठेवावे, हे मध्यमवर्गात सरसकट रुजले ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांत. तोवर मुलींची नावे गोदावरी ठेवणे थांबले होते. नाव टिकण्याची सोय झाली, तेव्हा टिकवायला नावच उरले नव्हते.

नदीचा मोह मात्र गेला नाही. गंगा गेली आणि जान्हवी आली. यमुनेची कालिंदी झाली, नर्मदेची रेवा. नदी तीच, वेष नवा. गोदावरीलाही असा पर्याय पुराणात तयारच होता : गौतमी. आज बारशाच्या पाळण्यात गौतमी ऐकू येते आणि नटीच्या नावातही दिसते. २०२२ साली नाशिकचा घाट दाखवणारा 'गोदावरी' नावाचा मराठी चित्रपट पडद्यावर आला, वाखाणला गेला. पण चित्रपटाला 'गोदावरी' म्हणणे सोपे, मुलीला म्हणणे अवघड.

गौतमीचे आणखी एक आहे. बौद्ध घरांत हे नाव ठेवतात, तेव्हा तिथे गौतम ऋषी नसतात. तिथे गौतम बुद्ध असतात आणि त्यांना वाढवणारी, भिक्षुणी संघाची आरंभकर्ती महाप्रजापती गौतमी असते. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन गौतमींच्या नावांना दोन वेगळी माहेरे असू शकतात. तिसरेही एक माहेर आहे आणि ते नाशकातच आहे. पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात सातवाहनांची राजमाता बलश्री हिचा लेख कोरलेला आहे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षीचा. लेणे भिक्षूंना दान दिल्याची ती नोंद. तीत ती आपल्या दिवंगत मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम सांगते आणि स्वतःला गौतमी म्हणवते. मुलगा आईच्या नावाने ओळखला जात होता आणि आईने आपले नाव दगडात कोरून ठेवले होते. गोदावरी तिथून जवळच वाहते, पण बलश्रीचे 'गौतमी' नदीवरून आलेले नाही. ते तिच्या गोत्रावरून आले आहे, म्हणजे माहेरकडून.