विदूषक

विदूषक (पु.; विशेषण : विदूषकी) – विचित्र वेश, वेडेवाकडे चाळे, मुद्दाम केलेल्या चुका आणि तिरकस बोलणे यांनी लोकांना हसवणारे पात्र, किंवा ते वठवणारा नट. लाक्षणिक अर्थाने, ज्याचे बोलणेचालणे कोणी मनावर घेत नाही असा माणूस. ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘दूष्’ हा धातू यांपासून शब्द झाला असून मूळ अर्थ ‘खोड काढणारा’ असा आहे. सोंगाड्या, जोकर, मसखरा हे त्याचे सोबती. पण मराठी माणूस सहसा त्यांची सरमिसळ करत नाही. संस्कृत नाटकात विदूषक, तमाशात सोंगाड्या, सर्कशीत आणि पत्त्यांत जोकर. मसखरा मात्र घराघरांत असतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात विदूषक ठेंगणा, कुबड्या, दात पुढे आलेला, टकल्या आणि पिंगट डोळ्यांचा सांगितला आहे. तो जातीने ब्राह्मण, पण बोलतो प्राकृत. हातात ‘कुटिलक’ नावाची वाकडी काठी, आणि जीव मोदकांत अडकलेला. एवढे हास्यास्पद करूनही परंपरेने त्याला मोठा मान दिला आहे : नाट्यप्रयोगाच्या रक्षणाची वाटणी होते तेव्हा नायक इंद्राकडे, नायिका सरस्वतीकडे आणि विदूषक थेट ओंकाराकडे सोपवला जातो. राजाला ‘वयस्य’, म्हणजे मित्रा, अशी हाक मारण्याची मुभाही त्याला आहे.

कालिदासाने तीन नाटकांत तीन वेगळे विदूषक घडवले : मालविकाग्निमित्रात कारस्थानी गौतम, विक्रमोर्वशीयात पोटात गुपित न ठरणारा माणवक आणि शाकुंतलात माढव्य. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात राजाच्या शिकारीपायी अंग मोडून गेलेला माढव्य काठीवर रेलून कुरकुरत उभा राहतो : वेळी-अवेळी भाजके मांस, पाला कुजलेले ओढ्याचे पाणी आणि पहाटेच रानातला गलका. प्रेक्षक हसतो. मग राजधानीला परतणाऱ्या या मित्राला दुष्यंत सांगतो, की शकुंतलेची गोष्ट मी थट्टेने बोललो. माढव्य ते खरे मानतो, आणि पुढे राजाला विस्मरण होते तेव्हा आठवण करून देणारे कोणी उरत नाही. मृच्छकटिकातला मैत्रेय तर गरिबीतही चारुदत्ताला न सोडणारा जिवलग. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप ठेवणाऱ्या शकाराशी तो न्यायसभेत हमरीतुमरीवर येतो आणि मैत्रेयाच्याच काखेतले तिचे दागिने सर्वांसमोर खाली पडतात. मित्राला वधस्तंभाकडे नेणारा पुरावा त्याच्याच हातून पुरवला जातो. अशा भूमिकांना ‘विनोदी पात्र’ म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. भवभूतीने मात्र आपल्या तिन्ही नाटकांत विदूषकाला जागा दिली नाही. या पात्राचा सविस्तर अभ्यास गो. के. भट यांनी केला.

मराठी रंगभूमीवर विदूषक प्रारंभापासून आहे. विष्णुदास भावे यांच्या खेळांत (पहिला खेळ ‘सीतास्वयंवर’, सांगली, १८४३) सूत्रधाराच्या मंगलाचरणानंतर तो वनचराच्या वेषात नाचत येई.

तमाशातील सोंगाड्या हा त्याचा खरा लोकवारस. गवळणीत कृष्ण आणि लंगडा पेंद्या हे गवळणींची आणि त्यांच्यासोबतच्या, पुरुषाने वठवलेल्या मावशीची वाट अडवतात. बतावणीत आणि वगात सोंगाड्या राजा, प्रधान, सावकार कोणालाच सोडत नाही. संहिता त्याच्यापुरती नावाला असते. ज्या गावात खेळ, त्या गावचा पाटील आणि त्या सालचा दुष्काळ तो ऐन वेळी संवादात ओवतो. या हजरजबाबीपणाला तालीम नसते, वर्षानुवर्षांचा फड असतो. ‘गाढवाचं लग्न’ या वगातला दादू इंदुरीकर यांचा सावळ्या कुंभार याचा मानदंड मानला जातो. ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) आणि ‘सोंगाड्या’ (१९७१) यांमधून दादा कोंडके यांनी हीच परंपरा शहरी प्रेक्षकापर्यंत नेली.

सर्कशीतला रंगवलेल्या तोंडाचा जोकर युरोपातून आला. तिथे जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) याने त्याला आजचे रूप दिले. इंग्रजीत त्याचे ‘क्लाउन’ हे जे नाव रूढ आहे, त्याचा जुना अर्थ ‘गावंढळ माणूस’ असा होता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधले थडगे खोदणारे त्याच नावाने ओळखले जातात. आपल्याकडे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली. दोन खेळांच्या मधला वेळ भरणे हे जोकरचे दिसणारे काम. पण झोपाळ्यावर हात चुकवून, विजार सावरत जाळीत पडणारा जोकर बहुधा तरबेज कसरतपटू असतो. चुकण्याचे सोंग बिनचूक करावे लागते.

पत्त्यांतला जोकर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आला. रमीत तो कोणत्याही पानाची जागा घेतो, म्हणून कुठेही खपणाऱ्या माणसाला ‘पत्त्यातला जोकर’ म्हणतात.

रोजच्या बोलण्यात ‘विदूषकी चाळे’, ‘मी काय जोकर वाटलो का तुला?’ हे प्रयोग अपमानाचेच. अग्रलेखांत पुढाऱ्याला विदूषक म्हणण्याची चाल जुनी आहे. ती मूळ पात्राला मुळीच शोभत नाही, कारण नाटकातला विदूषक सत्ताधाऱ्याला टोकतो, स्वतः सत्ता गाजवत नाही. साहित्याने या शब्दाची बूज राखली : जी. ए. कुलकर्णी यांची ‘विदूषक’ ही कथा, कुसुमाग्रजांचे त्याच नावाचे नाटक आणि पु. ल. देशपांडे यांच्या पटकथेवरचा, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘एक होता विदूषक’ (१९९२), ज्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांनी तमाशा कलावतीचा मुलगा उभा केला.

समुद्रफुलांच्या विषारी शुंडकांत राहणाऱ्या, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशालाही ‘विदूषक मासा’ म्हणतात.