वर्कस्टेशन : घरगुती व व्यावसायिक श्रेणी

अभियांत्रिकी आराखडे, चित्रपटांतील दृश्यपरिणाम, वैज्ञानिक आकडेमोड अशा जड कामांसाठी एका व्यक्तीने वापरायचा शक्तिशाली संगणक म्हणजे वर्कस्टेशन. १९८०च्या दशकातील सन मायक्रोसिस्टिम्स किंवा सिलिकॉन ग्राफिक्सच्या वर्कस्टेशनचे घरगुती पीसीशी फारसे नाते नव्हते. ‘जुरासिक पार्क’मधील (१९९३) संगणकनिर्मित डायनोसॉर सिलिकॉन ग्राफिक्सच्याच यंत्रांवर घडले. इंटेलने १९९८ मध्ये वर्कस्टेशन व सर्व्हरसाठी झिऑन ही प्रोसेसर मालिका आणली. पुढे घरगुती व व्यावसायिक अशा दोन्ही श्रेणींत एकाच कुळातले भाग बसू लागले आणि निवड अवघड झाली.

निवडताना वेगाचा निकष सर्वांत फसवा. एकाच थ्रेडवर चालणाऱ्या कामात घरगुती प्रोसेसर पुष्कळदा महागड्या बहुकोअर प्रोसेसरला मागे टाकतो. आधी पाहायची ती मेमरी. विश्वकिरणांमुळे किंवा चिपमधील दोषामुळे साध्या मेमरीतला एखादा बिट उलटला, तर त्याचा पत्ताही लागत नाही. रात्रभर चाललेल्या गणनेत चुकीचा आकडा निमूट मिसळून जातो. ईसीसी मेमरी दर ६४ बिटांमागे ८ तपासबिट ठेवते. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार ती एका बिटाची चूक दुरुस्त करते आणि दोन बिटांची ओळखते. ही भीती काल्पनिक नाही : गूगलच्या सर्व्हरांवरील २००९च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलांत चुका आढळल्या. डीडीआर५ मेमरीच्या चिपमधील अंतर्गत दुरुस्ती ईसीसीची जागा घेत नाही, कारण चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक तिला दिसत नाही.

ग्राफिक्स कार्डांत फरक सूक्ष्म आहे. एनव्हिडियाच्या घरगुती आरटीएक्स ४०९० आणि व्यावसायिक आरटीएक्स ६००० एडा या दोन्हींत एडी१०२ हीच चिप आहे. मात्र पहिल्यात २४ जीबी मेमरी व ४५० वॅट वीजमर्यादा, तर दुसऱ्यात ४८ जीबी व ३०० वॅट. गेमिंगसाठी दुसरे घेणे पैसे वाया घालवणे होय. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरचे प्रमाणपत्र मात्र व्यावसायिक कार्ड व ड्रायव्हर यांनाच मिळते, आणि बिघाड झाल्यावर विक्रेत्याची मदत मागताना ते कामी येते.

व्हिडिओ संपादन, छायाचित्रण, शिक्षण यांसाठी चांगला घरगुती पीसी पुरतो. पूल किंवा यंत्रभाग ज्या आकड्यांवर उभा राहणार आहे, तिथे ईसीसीवर काटकसर करू नये. मधला मार्गही आहे : मदरबोर्डची साथ असल्यास एएमडीच्या अनेक रायझन प्रोसेसरांवर ईसीसी चालते, आणि इंटेलच्या डब्ल्यू६८० चिपसेटमुळे २०२२ पासून बाराव्या पिढीच्या अनेक कोअर प्रोसेसरांनाही ती वापरता येते.