संगणकाच्या स्मृतीची वेस

१९८१ सालच्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांत प्रोसेसरची पोंच १ मेगाबाइटपर्यंत होती. परंतु फ्लॉपीची माहिती परस्पर स्मृतींत नेणारी इंटेलची ८२३७ ही चिप पत्त्याचे सोळाच बिट मोजी. वरचे चार बिट निराळ्या रजिस्टरांत ठेवून वेळ निभावली गेली. पण ६४ किलोबाइटांची वेस येतांच तें रजिस्टर जागचें हालत नसे, आणि माहिती मुकाट्यानें त्याच विभागाच्या आरंभीं पडून तेथला मजकूर पुसला जाई! ही वेस ओळखणें ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या माथीं आलें. १९८५ मध्यें ८०३८६ प्रोसेसर ४ गिगाबाइटांपर्यंत पोंचला, तरी १९८४ च्या एटी यंत्राच्या धाटणीचीं, चोवीस पत्ता-रेषांचीं कार्डें १६ मेगाबाइटांपलीकडे आंधळींच. मग ड्रायव्हरनें माहिती आधीं खालच्या स्मृतींत घ्यावी व मागाहून वर नकलून काढावी. एकच ओझें दोनदां! लिनक्सनें तर हा खालचा प्रदेश अशा कार्डांसाठीं राखूनच ठेवला.